डब्यातली हळद

कुरुंद्यासारख्या हळदीच्या गावात माझ्या घरची हळद पंधरवड्यात संपली! डबा उपडा करून मी बघतच राहिले. घरात माणसं तीन: मी, लेक आकांक्षा आणि घरधनी. म्हणजे चोर घरातलाच होता.

आमचे घरधनी हळद पॉलिश करायच्या कारखान्यात कामाला. तिथं हळकुंडं घासणारा मोठा ढोल फिरतो, धूळ उडते, माणूस संध्याकाळी कानानाकातून पिवळा होऊन येतो. हल्ली मात्र यांचा नुसता सदराच पिवळा. भाकरी वाढता वाढता मी कानात डोकावले, तर कान लखलखीत! पगारही निम्माच हातावर ठेवायचे. विचारलं, की म्हणायचे, "काम मंद हाये."

"पद्माबाई, हळद नवरदेवाला लागती," शेजारची मलिका हसली. "जरा पाळत ठेव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीला स्थळं पाहायचे दिवस, आणि हे स्वतःच गुडघ्याला बाशिंग बांधून बसले की काय!

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी कारखान्याच्या वाटेवर दबा धरून बसले. हे कारखान्यातून आलेच नाहीत. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलातून आले, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. बाभळीआड थांबून त्यांनी खिशातून पुडी काढली. माझीच हळद! ती सदऱ्यावर चोळू लागले, आणि तेवढ्यानंच असा खोकला सुटला की मटकन खाली बसले. दुसऱ्या खिशातून दम्याचा पंप काढून तोंडाला लावला.

मी धावले. "आवो, हे काय करून राहिले?"

दम परतायला वेळ लागला. "कारखान्याच्या धुळीनं दमा झाला. खोकतो म्हून मालकानं काढलं. आता कपबशा धुऊन राहिलो. त्यातलं बी औषधालाच जातं."

"अन् ज्या हळदीनं जीव घेतला, तीच काहून अंगाला लावता?"

"तुला वाटावं, मी कामावर हाये."

मला माझीच लाज वाटली. सदरा झटकायला हात उचलला आणि तसाच आवरला. पुन्हा धूळ उडाली असती. त्यांना हापशावर नेलं, पदर भिजवला आणि पुसत बसले. पण हळदीचा डाग तो, पाण्यानं कसला निघतोय!