लाल पेटीच्या पोटातलं टपाल

मी बोलतेय, जोगेश्वरीच्या एका चाळीतली दारावरची टपालपेटी. जरा लांबूनच ऐका. कोण कधी माझ्या फटीत बोट घालील, भरवसा नाही.

जन्माने मी रॉकेलचा डबा. बोटीने येताना दोन देवमाशांशी माझी ओळख झाली. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा.

चोपन्न साली दत्तारामने मला कापून पेटी केली. कारखान्यात उरलेला लाल रंग फासला, कुलूप घातलं. नवरा-बायकोने घरबसल्या धंदा काढला होता, टपालाने उटणं पाठवायचा. त्याच्या बायकोने, प्रेमाने, आंबेहळद नि कचोरा कुटून दोन पिंपं भरली होती, साप्ताहिकात जाहिरात दिली होती. दिवाळीआधी मागणी आली नाही तर सगळं वाया. दिवाळी सरल्यावर उटणं कोण विचारतो?

“दसऱ्याला पूजा करूनच कुलूप काढायचं,” प्रेमाने ठरवलं.

दुपारी ती शिवणवर्गाला गेली की माझ्या पोटात कागद पडू लागले. पण पोस्टमनच्या हातून एकही नाही! टाकायचा शेजारचा दशरथ, टाकायची रुक्मिणीकाकू. काकू तर टाकून वर फटीला डोळा लावायची. मला वाचता येत नाही, पण कट ओळखता येतो.

एका रविवारी प्रेमानेही तिला पाहिलं. “अहो, काकूंची नजर काही बरोबर नाही.”

“अगं, पेटी हलवून बघ. भरलीय नुसती!” दत्ताराम खुशीत.

दसऱ्याला झेंडूचा हार घालून मला उघडलं. अकरा पत्रं. मालवण, देवगड, सातारा... सगळी बाहेरगावी जाणारी! मागणीचं एकही नाही.

प्रेमा तडक शेजारी गेली. “काकू, आमची पत्रं तुम्हीच काढलीत ना?”

काकू धावत आली नि तिने मुलाला लिहिलेलं स्वतःचं कार्ड ओळखलं. “अगो बाये! माजा कार्ड अजून हयच? म्हणान झिलाचा उत्तर नाय! मी रोज बघतंय, सरकारचो माणूस पेटी उघडूक कसो येयना!”

तेवढ्यात पोस्टमन काशीराम आपट्याची पानं द्यायला आला.

“वहिनी, तुमची तेवीस पत्रं पोस्टात पडलीत. दुपारी दाराला कुलूप. शेजारी देऊ नका, असं तुम्हीच बजावलेलं.”

“मग पेटीत टाकायची ना!”

“लाल पेटीत? सरकारने बसवली वाटलं. फिरून माझ्याच पिशवीत आली असती!”

काशीराम अकरा पत्रं घेऊन गेला. प्रेमाने काकूच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. “चुकलं माझं.”

“एका पानान भागाचा नाय. पुडये बांधूक बोलव.”

दोन्ही पिंपं दिवाळीआधी रिकामी झाली. माझी किल्ली आता काकूच्या गळ्यात असते. मी निळी झालेय. विनंती एकच, मला पुन्हा लाल रंग लावू नका. काशीराम अजूनही पत्र टाकण्याआधी मला दोनदा वाजवून बघतो. साऱ्या चाळीवर मी संशय घेतला, नि संशयित म्हणून उरले ती मीच.