इतक्यात नाही

काकांच्या शोरूममध्ये दोन दांडग्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक उंच, एक रुंद. मधोमध काका, मुली बघायला आलेल्या वरबापासारखे हात मागे बांधून.

"सांग पोरी, गोदामात कुठली भरू? रुंद परवाच नवी झालीय, तिला इतक्यात मरण नाही. पण कंपनी सूट देईना. उंच सवलतीत मिळतेय, आणि तिथंच पाल चुकचुकते. सहा वर्षं झाली तिला. या गाड्या पाच-सहा वर्षांनी कात टाकतात."

पुतणी गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात होती. उंच गाडीचे पुढचे दिवे तिच्याच विभागातून जात. बाबा गेल्यावर काकांनी पहिल्यांदाच चहाला बोलावलं होतं. विचारपूस दोन वाक्यांत उरकली, तेव्हाच तिनं ओळखलं, काम असणार.

सहा वर्षांपूर्वी याच फरशीवर, या उंच गाडीच्या आधीच्या रूपापाशी बाबांनी विचारलं होतं, "धाकट्या, नवी कधी येतेय रे?"

"इतक्यात नाही, दादा."

बाबांनी गाडी घेतली आणि महिनाभरात नवी आली. शेजारी "तुमची नवी जुनी कशी आहे?" म्हणून विचारत. बाबाही हसत. पण तेव्हापासून ते गाडी तोंड भिंतीकडे करून लावू लागले, जुन्या घाटाचे दिवे कुणाला दिसू नयेत म्हणून. "त्याला तरी कुठे ठाऊक असणार," एवढंच म्हणत. अंथरुणाला खिळल्यावरही हेच.

बाबा गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. ओट्यावर काका कुणाला तरी सांगत होते, "शेवटची उरली होती, दादाच्या गळ्यात मारली. आपला माणूस, कुरकुर करत नाही." ती पाण्याचे पेले घेऊन मागेच उभी होती. तिनं पेले नीट वाटले. काकांनाही दिला.

"उंचच्या दिव्यांचे जुने साचे उतरवले का, एवढंच सांग," काका म्हणाले.

साचे गेल्या आठवड्यातच उतरले होते. ग्रीस फासून कोठारात पडले होते, आणि यंत्रावर नव्या, बारीक डोळ्यांच्या दिव्यांचे साचे चढले होते. "सांगता येत नाही," म्हणाली असती तरी काका उमजले असते. नकारातला होकार वाचण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"इतक्यात नाही, काका."

"नक्की?"

"तुमच्याशी खोटं बोलेन?"

"छे, छे! दादाची मुलगी तू. दादा उभ्या जन्मात खोटं बोलला नाही." आणि काकांनी तिच्यासमोरच फोन लावला. "उंच घ्या. गोदामात मावतील तेवढ्या. रुंद नको."

बाबांना हे आवडलं नसतं. पण बाबांच्या या न आवडण्यामुळेच काकांचं आजवर फावलं होतं.

चहावर साय धरली होती. तिनं ती बाजूला सारली आणि कप रिकामा केला.

"येत जा गं," काका म्हणाले.

"येईन ना. नवी आली की येईन बघायला."

काका खो खो हसले.

घरी आल्यावर तिनं बाबांची गाडी उलटी घेतली, तोंड रस्त्याकडे करून लावली. मग फडकं आणून दोन्ही दिवे पुसले.