लंगडायचं नाही म्हणजे नाही

कारगिलच्या लढाईत सुरुंगावर पुंजारामचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तिथं नकली पाय होता. पण अंजनगाव सुर्जीच्या बाजारात तो असा चालायचा, की अनोळखी माणूस म्हणे, फौजी दिसतो. अपंग कोणीच म्हणत नसे. ही चाल त्यानं घाम गाळून कमावली होती आणि तिचा त्याला भारी ताठा होता.

तोच ताठा नडला. अपंगत्वाची पेन्शन वाढावी म्हणून त्यानं अर्ज केला. चौकशीला आलेल्या कारकुनानं त्याला पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीतून चालताना पाहिलं आणि शेरा मारला, 'अर्जदार व्यवस्थित चालतो.' आता अमरावतीला डॉक्टरांपुढं उभं राहणं आलं.

एसटीत त्याची बायको लीलाबाई समजावत होती. "आज जरा लंगडत जाजा. साहेबासमोर तेवढंच."

"कावून? मी काय सोंगाड्या हाओ?"

"पाय नाही तुमाले. ते काय सोंग हाय?"

"नाही तं नाही. पण लंगडणार नाही."

लीलाबाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं ते अमरावती येईस्तोवर.

दवाखान्यात नाव पुकारताच पुंजाराम छाती काढून आत गेला आणि कडक सलाम ठोकला. टेबलामागं फौजेतून निवृत्त झालेले डॉक्टर होते, शेजारी तोच कारकून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पुंजाराम भिंतीपर्यंत गेला, कवायतीत वळावं तसा गर्रकन वळला आणि परत आला.

"बरं," डॉक्टर हसून म्हणाले, "आता पेशंटला पाठवा."

दारातून लीलाबाई बोलली, "साहेब, पेशंट हेच हायेत. यायले उकिडवं बसाले सांगा."

पुंजारामनं डोळे वटारले. पण डॉक्टरांनी फौजी आवाजात फर्मावलं, "जवान, बैठ जाव."

हुकूम तो हुकूम. पुंजाराम बसायला गेला, तोल गेला आणि पाय बुटासकट निसटून कारकुनाच्या खुर्चीखाली घुसला. विंचू दिसल्यासारखे कारकुनानं स्वतःचे दोन्ही पाय वर घेतले. पुंजाराम फरशीवर पडला होता, मान मात्र ताठ.

डॉक्टरांनी वाकून पाय काढला आणि ते त्याच्याजवळ खाली बसले. गुडघ्याखालची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"दुखतं?"

पुंजाराम म्हणाला, "रोजच, साहेब."

हे त्यानं लीलाबाईलाही कधी सांगितलं नव्हतं. ती पदरानं त्याच्या बुटाची धूळ पुसत राहिली. डॉक्टरांनी कारकुनाचा शेरा खोडला आणि वाढीव पेन्शनची शिफारस लिहून सही केली.

परतीची एसटी गच्च भरली होती. अपंगांच्या जागेवर एक धडधाकट माणूस बसला होता.

"उठा भाऊ," लीलाबाई म्हणाली, "यायले पाय नाही."

त्यानं पुंजारामला आपादमस्तक न्याहाळलं. "चांगले तं उभे हायेत."

लीलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. पुंजाराम थोडा घुटमळला. मग त्यानं वाकून पँट वर केली आणि नकली नडगीवर बोटानं टकटक केलं.

माणूस झटकन उठला. पुंजाराम बसला, पाय लांब केला आणि परतवाड्याच्या अलीकडंच घोरायला लागला.