रंगरावांच्या जिभेला गोड लागलेलं पाणी

या, अंमळ जवळ सरकून बसा. आज देवादिकांची नाही, वरवट बकालच्या कॉलेजात तीस वर्षं बाटल्या धुतलेल्या रंगरावांची गोष्ट सांगतो.

"माहा हातच खराब हाय, काका. मॅडम म्हणतात, तुझ्यानं होणार नाही. सोडूनच देतो आता," कॉलेजातली विद्यार्थिनी प्रतीक्षा प्रयोगशाळेत रंगरावांपुढे डोळे पुसत म्हणाली.

खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या नसेचा तुकडा बाटलीत किती प्राणवायू घेतो, हे ती पंधरा दिवस मोजत होती. नसेत सोडियम, मिठातला अंश, सारखा झिरपतो. नस तो बाहेर उपसत राहते. त्या उपसण्यातच तिचा कितीतरी श्वास खर्ची पडतो. सोडियम नसलेल्या पाण्यात श्वास कमी लागायला हवा. इथे आकडा म्हणावा तसा उतरतच नव्हता.

रंगरावांनी पाण्याचा गिलास पुढे केला. तिनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कसं खारं पाणी हो तुमच्या गावचं! आमच्या जानेफळचं प्या एकडाव."

"खारं? काहाचं खारं वं! गोड त हाय."

हसता हसता ते थबकले. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडल्यापासून बोअरचंच पाणी उकळून, गाळून ते प्रयोगाला देत होते. उकळून-गाळून मीठ थोडंच जातं! दरवेळी चाखून. साठ वर्षं तेच पाणी प्यालेल्या जिभेनं.

त्याच दिवशी चार वाजता त्यांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ होता. प्रतीक्षाच्या त्याच भार्गवी मॅडम म्हणाल्या, "तीस वर्षांत रंगरावांची एक चूक दाखवा!"

टाळ्या थांबेपर्यंत रंगराव खाली बघत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"हाय जी चूक. पाणी म्या बोअरचं देलं. पोरीचा हात चांगला हाय."

"अहो, पण विचारायचं तरी!" मॅडम म्हणाल्या.

"मले गोड लागलं जी."



दुसऱ्या दिवशी नोकरी नसलेले रंगराव सायकलला बॅटरीत घालतात त्या शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याचा कॅन बांधून आले. या खेपेला चाखलं नाही. सत्काराच्या कोऱ्या दुपट्ट्यानं बाटल्या पुसून दिल्या आणि दारातल्या स्टुलावर टेकले.

"काका, उतरला आकडा!"

"हाव," ते म्हणाले. जाताना नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याले. गोडच लागलं.

बाप्पांनो, कुठं खाऱ्या पाण्यानं तोंड वाकडं झालं, तर तेच पाणी गोड लागणारे रंगराव तेवढे आठवा.