भोकं पडलेल्या डब्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, पंधरा किलोचा. आपली गोष्ट सांगायला बसलं की आधी आपण किती झिजलो ते सांगायचं, अशी आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. मीही ते सांगणार आहेच. पण त्याआधी एक कबुली देऊन टाकतो. मी मत्सरी आहे. दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, आणि या गोष्टीत जे काही घडलं त्यात माझाही थोडा हात आहे, असं मला आजही वाटतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. शेंगदाणा तेल पोटात घेऊन मी टेम्पोतून भोरला आलो आणि एसटी स्टँडजवळच्या मुबारकभाईंच्या भज्यांच्या गाड्यावर पोचलो. ते दिवस सुखाचे होते. भाटघरची, उत्रोलीची माणसं भजी खाण्यापायी हातची एसटी सोडायची. "तेल चांगलं वापरतो मुबारक," असं कुणी म्हटलं की मी आतल्या आत फुगायचो. तेल संपलं तेव्हा माझ्यासोबतचे डबे भंगारवाल्याकडे गेले. मला मात्र मुबारकभाईंच्या बायकोने, सुगराभाभींनी, घरी नेलं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेजारच्या फ्लॅटमध्ये रत्ना आणि तिचा नवरा सोमनाथ राहायचे. दोन्ही घरांच्या गॅलऱ्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये फक्त कमरेएवढी लोखंडी जाळी. त्या जाळीवरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जायचं. कधी कोथिंबीर, कधी विरजण, कधी नुसत्याच गप्पा.

रत्नाचं माहेर गुंजवण्याकडचं. धरण झालं आणि तिची आई अंबूबाई हिचं रान पाण्याखाली गेलं. त्या रानात एक मिरची पिकायची, बोटाच्या पेराएवढी, आखूड आणि जहाल. घर हलवताना अंबूबाईंनी त्या मिरचीचं बी दोन पुरचुंड्यांत बांधलं. एक स्वतःकडे ठेवली, एक लेकीला दिली. पुढे अंबूबाईंच्या पुरचुंडीवर उंदरांनी ताव मारला. उरली ती रत्नाची.

"भाभी, येखादा डबा असला तर द्या की," एक दिवस रत्ना जाळीवरून म्हणाली. "आईनं दिलेलं बी लावून बघते."

"डबं लई हायेत गं," सुगराभाभी म्हणाल्या. "पर असाच न्हाई द्यायची. आदी बुडाला भोकं पाडते. पानी निघाया पायजे, न्हाईतर मुळी कुजंल."

त्यांनी मला पालथा घातला, मोठा खिळा घेतला आणि वरवंट्याने नऊ भोकं पाडली. मित्रांनो, लागलं फार. तेव्हा मी भाभींना मनातल्या मनात काय काय बोललो ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मग माझे चांगले दिवस आले. रत्नाने माझ्यात नदीकाठची माती भरली, वाळलेला पाला घातला, भाजीच्या देठांचं घरी केलेलं खत घातलं. सोमनाथ म्हणायचा, "चिमूटभर युरिया टाक, झाड कसं तरारून येतंय बघ." रत्ना म्हणायची, "आईच्या रानात कधी पडला न्हाई, हितंबी पडायचा न्हाई." एकदा पानं आकसून वाटीसारखी वळली, तर तिने आंबट ताक पाण्यात कालवून आठ दिवस शिंपडलं आणि पानं सरळ झाली. पहिल्या वर्षी मिरच्या आल्या, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त आल्या. रत्नाने ठेचा केला की पहिली वाटी जाळीवरून पलीकडे जायची. सुगराभाभी नाक पुसत म्हणायच्या, "मेली जीव घेती, पर सोडवत न्हाई!" त्या वेळी गॅलरीत माझ्यासारखा मीच होतो. कौतुकाची सवय लागायला दोन वर्षं पुष्कळ होतात.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्यातलं झाड वठलं. रत्नाने बियाण्यासाठी म्हणून लाल झालेल्या मिरच्या आधीच दोऱ्यात ओवून स्वयंपाकघराच्या दाराला टांगल्या होत्या. त्यातली एक फोडून तिने बी माझ्यात टाकलं. पाच रोपं उगवली, चार चिमण्यांनी खुडली, एक राहिलं. दोऱ्यात सात मिरच्या उरल्या. त्याच सुमारास अंबूबाईंचा फोन आला. नव्या जागेतल्या विहिरीला पाणी लागलं होतं. "दसरा झाला की येती," त्या म्हणाल्या. "बी नीट ठिव. यंदा रानात आपली मिरची लावायची." रत्ना फोन ठेवून कितीतरी वेळ माझ्यातल्या त्या एवढ्याशा रोपाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, सगळं गुंजवणं आता माझ्या भरवशावर आहे.

आणि मग ती आली.

लग्नाच्या वाढदिवसाला सोमनाथने हायवेच्या कडेच्या दुकानातून कुंडी आणली. चिनी मातीची, निळी, चकचकीत, अंगावर पांढरी फुलं. खाली तसलीच निळी बशी. बिचाऱ्याने रत्नाला चकित करायचं म्हणून ती बाहेर असताना स्वतःच माती भरून ठेवली. रत्ना घरी आली आणि हरखून गेली. तिने फडक्याने कुंडी पुसली. मला दोन वर्षांत एकदाही कुणी पुसलं नव्हतं. मग तिने खुरपं घेतलं आणि माझ्यातलं रोप, माझ्या मातीत वाढलेलं माझं रोप, मुळांसकट उचलून त्या नटवीच्या पोटात लावलं.

मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्यात कपड्यांचे चिमटे टाकले.

माझा नुसता जळफळाट झाला. येणारी-जाणारी बाई म्हणायची, "अगं बाई, कसली गोड कुंडी!" सकाळचं ऊन आधी तिच्यावर पडायचं. झाडाला ताकही मिळालं, खतही मिळालं, राखही मिळाली, आणि पाणी तर दिवसातून दोनदा. झाडही असं फोफावलं की बघत राहावं. मी रोज मनात म्हणायचो, तुझं वाटोळं होवो. मित्रांनो, हे शब्द माझेच आहेत, मी ते नाकारत नाही.

काही दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. रत्ना एवढं पाणी घालायची, पण कुंडीखालची बशी कायम कोरडी. माझ्यात पाणी घातलं की नऊ भोकांतून फरशीवर ओघळायचं. इकडे एक थेंब नाही. मला तेव्हाच कळलं. त्या सुंदरीच्या बुडाला भोकच नव्हतं. बशी आहे म्हणजे भोक असणारच, एवढी महागाची वस्तू आणली म्हणजे त्यात सगळं असणारच, असं रत्नाने धरलं होतं. उलट बशी कोरडी दिसली की ती म्हणायची, "लई पाणी पितंय बाई हे झाड," आणि आणखी एक तांब्या ओतायची.

मला बोलता येत नाही, हे खरं आहे. पण त्या दिवशी बोलता आलं असतं तर मी बोललो असतो का? मला वाटतं, मी गप्पच बसलो असतो.

झाडावर फुलं धरली त्या दिवशी सुगराभाभी गॅलरीत आल्या. शेवयांच्या खिरीची स्टीलची वाटी त्यांनी जाळीवरून रत्नाच्या हातात दिली आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "या अल्ला, काय झाड आलंय! माझी तर नजरच हटंना."

दोन दिवसांनी झाडाने माना टाकल्या. पानं पिवळी पडून गळायला लागली. रत्नाने आणखी पाणी घातलं. झाड आणखी कोमेजलं. तेव्हा रत्नाच्या मनात भाभींचं ते नजरेचं वाक्य आलं असावं, कारण तिने एकदा जाळीकडे बघितलं आणि घरात गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत मीठ होतं, मोहरी होती, आणि दोऱ्यातल्या त्या सात मिरच्या होत्या. बियाण्याच्या मिरच्या! सोमनाथ मागून म्हणाला, "अगं, दुकानातल्या घे की."

"घरच्या झाडाची दिष्ट बाजारच्या मिरचीनं निघत न्हाई," रत्ना म्हणाली. "झाड जगलं तर बी काय, पोत्यानं येईल."

तिने सात वेळा झाडावरून मूठ ओवाळली आणि सगळं कढईतल्या निखाऱ्यांवर टाकलं. बी तडतडलं. तुम्हाला ठाऊक असेल, दृष्ट काढताना मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट लागली होती असं समजतात. रत्ना नाक पुढे करून उभी राहिली. तिला ठसका लागला नाही. लागणार कसा? नदीवरून वारा सुटला होता आणि सगळा धूर जाळीतून पलीकडे चालला होता. पलीकडे सुगराभाभी खोकून खोकून लाल झाल्या. "रत्ने, अगं काय जाळतीस? जीव चालला माझा!"

रत्नाने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने खिरीची वाटी जाळीवरून परत केली. घासून, पुसून, रिकामी. मित्रांनो, शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चार साखरेचे दाणे तरी टाकतात. सुगराभाभींनी वाटीत बघितलं, मग रत्नाकडे बघितलं.

"काय चुकलं का गं माझं?"

"काय न्हाई," रत्ना म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून जाळीवरून काहीच गेलं नाही. कुंडीची फजिती झाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्या दिवशी झालाही. पण मग मला भीती वाटायला लागली. दृष्ट लागलीच असेल तर ती भाभींची कशाला असेल? त्या गॅलरीत दिवसरात्र झाडाचं वाईट चिंतणारा एकच होता. त्याच्यात कपड्यांचे चिमटे भरलेले होते.

दसरा झाला आणि अंबूबाई आल्या. तोवर झाडाची काडी झाली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कुंडीत दोन बोटं खुपसली, वास घेतला आणि कुंडी आडवी केली. काळं, घाण पाणी गॅलरीभर झालं. त्यांनी बुडावरून हात फिरवला.

"रत्ने, हिला भोकच न्हाई की गं."

रत्नाने वाकून स्वतःच्या हाताने बूड चाचपलं.

"आपलं रान पाण्यात गेलं," अंबूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आन तू मिरची बी पाण्यातच बुडवलीस व्हय? जाऊ दे. बी कुठंय?"

"आये, म्या जाळलं," रत्ना म्हणाली आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून रडायला लागली. "दिष्ट लागली म्हणून समदं जाळलं."

अंबूबाई माझ्या काठावर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला होता, ते फक्त मला कळलं.

जाळीपलीकडे सुगराभाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लावतील, आणि लावलं असतं तरी त्यांना कोण बोललं असतं? पण त्या परत आल्या. हातात तीच स्टीलची वाटी होती. वाटीत चार वाळलेल्या मिरच्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या.

"गेल्या साली तूच दिल्या व्हत्यास," त्या रत्नाला म्हणाल्या. "लालभडक व्हत्या. ठेचायला जीव झाला न्हाई, वाळवून ठिवल्या."

रत्नाला मान वर करता येईना. "भाभी, म्या तुमचं भांडं रिकामं दिलं."

"दिलंस. आन धूर बी माझ्याच घरात धाडलास. तवाच समजलं मला, काय आलंय तुझ्या मनात." त्यांचे डोळे भरले होते. "लई लागलं रत्ना. पर बियानं काय केलंय? घे."

अंबूबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

दोन मिरच्या अंबूबाई घेऊन गेल्या. एक रत्नाकडे राहिली, एक सुगराभाभींकडे. मुबारकभाईंनी कुणाचं तरी ड्रिल मशीन आणून कुंडीच्या बुडाला तीन भोकं पाडली. ती थरथर कापत होती. मला तिची दया आली, थोडीशी. माझ्यातले चिमटे निघाले आणि माझ्यात पुन्हा माती आली.

मित्रांनो, आता माझे कोपरे गंजले आहेत, फार वर्षं माझी राहिलेली नाहीत. म्हणून एवढंच मागणं आहे. जुन्या डब्याला भंगारात टाकण्याआधी त्याच्यात एखादं रोप लावून बघा. आणि झाड कोमेजलं तर शेजारणीच्या डोळ्यांत बघण्याआधी कुंडीच्या बुडाकडे बघा. रत्ना आता रोज पाणी घालण्याआधी वाकून बघते. आधी माझं बूड बघते, मग कुंडीचं.

मी सुधारलो का, असं विचाराल. पलीकडच्या गॅलरीत सुगराभाभींनी आपलं बी एका नव्या कोऱ्या डब्यात लावलंय. त्याचा पत्रा उन्हात असा चमकतो की माझ्या अंगाची आग होते. गेल्या आठवड्यात माझ्या झाडाला पहिल्या पाच मिरच्या आल्या. रत्नाने त्या खुडल्या. मला वाटलं, माझं पहिलं पीक आहे, देव्हाऱ्यापुढे तरी ठेवेल. तिने त्या स्टीलच्या वाटीत टाकल्या आणि जाळीवरून पलीकडे दिल्या. मला मत्सर वाटलाच. पण वाटी रिकामी गेली नाही.