वर्गात बांधलेली झोळी

मित्रांनो, मी एक जुनी सुती साडी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. साडीला कुठलं डोकं, म्हणून हसू नका. आधी ऐका.

नागपुरात गुलाबचंद यांच्या हातमागावर मी विणली गेले. त्यांची बायको तुळजाबाई मला सणासुदीला नेसायची, तेव्हा गल्लीतल्या बाया माझा काठ चाचपून बघायच्या. पुढे मी विरले, हातमागही बंद पडला. मुलगा हेमराज हिंगण्याच्या कारखान्यात लागला, सून काजल बुटीबोरीच्या. म्हातारी दोघंही गेली. काजलने धाकट्या आयुषसाठी माझी झोळी केली. तान्ह्या आयुषला सांभाळायला घरी उरली ती त्याची बहीण, सातवीतली ऋतुजा.

तिची शाळा बुडू लागली, तशा तिच्या वर्गशिक्षिका वंदना मॅडम घरी आल्या.

"काहून येत नाहीस वं?"

"आयुषले कोण पाहीन, मॅडम?"

"त्याले घेऊनच ये. अन् झोळीही आण."

वर्गात पंख्यासाठी हुक होता, पंखा नव्हता. तिथे मला बांधलं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून ऋतुजा अपूर्णांक सोडवायची. काय सुखाचे दिवस होते ते!

मॅडमचं चुकलं एवढंच, की कौतुकाने फोटो काढून त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मोबाइलवर फुलांच्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब शाळेत हजर!

"मॅडम, शाळा आहे का पाळणाघर? पोराले काही झालं तर?"

"मग याले ठेवायचं कुठं, सर?"

"अंगणवाडीत."

"एवढ्या लहानाले तिथं दिवसभर नाही ठेवत, सर."

"मग मी काय करू? शाळेच्या कोणत्याच योजनेत ते बसत नाही."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी आयुषचा गालही कुरवाळला. पण मला उतरवलंच, आणि ऋतुजा पुन्हा घरी बसली.

एका रविवारी मॅडम पुन्हा घरी आल्या. आयुषला मांडीवर घेऊन बसल्या, आणि ऋतुजाने भराभर सगळी गणितं सोडवली.

"मॅडम, रोज याल?"

मॅडमचा चेहरा पडला. "आज रविवार आहे म्हणून आली, सोमवारपासून वर्गात बाकीची पोरं राहतात ना वं," एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणणार नाही. हवं तर मला फाडून पोतेरं करा. पण शाळेच्या वेळात एक तान्हं बाळ सांभाळायला या एवढ्या मोठ्या शहरात कोणीच का नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. पुस्तकं आली आहेत, गणवेश आला आहे, खिचडीही शिजते आहे. ऋतुजा मात्र घरी मला झोके देत बसली आहे.