भर उन्हाळ्यात अंगावर

मी एक जुना, बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर आहे. मित्रांनो, काळ्या समुद्राकाठच्या सोझोपोल गावात नेद्याल्कानं मला आपल्या नवऱ्यासाठी विणलं. तिचा नवरा स्टामेन होड्या दुरुस्त करायचा. नऊ हिवाळे मी त्याच्या छातीला ऊब दिली. धक्क्यावरचे लोक माझी वीण वाखाणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग एका वर्षी त्याची छाती दोन्ही बाजूंनी फुगू लागली. तो नुसत्या बनियनवर काम करत असताना सोबतचा वुल्को ओरडला, "काय रे, आता बायकोच्या कपाटातलं काहीतरी घालावं लागणार तुला!" सगळे हसले. स्टामेनही हसला. दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात त्यानं मला पेटीतून बाहेर काढलं.

माझी लोकर घासली तरी त्याला दुखे, पण तो मला उतरवत नसे. घरी नेद्याल्काकडे पाठ करून झोपे. आपलं काय चुकलं, हे त्या बिचारीला कळेना.

जुलैत तो धक्क्यावर घेरी येऊन पडला. नेद्याल्का धावत आली आणि तिनं मला त्याच्या अंगातून ओढून काढलं.

"हे कधीपासून?"

"चार महिने झाले. कॅन्सर असेल म्हणून बोललो नाही."

"म्हणजे एकट्यानंच मरणार होतास?" असं म्हणून ती रडली.

डॉक्टर योतोवाबाईंनी तपासलं तेव्हा मी स्टामेनच्या मांडीवर होतो. तो माझी कड चुरगाळत होता. बाईंनी हलक्या हातानं दाबून पाहिलं, दारूचं विचारलं, तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्या मागवून पाहिल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "स्तनाचा थोडा भाग पुरुषालाही असतोच. हार्मोन्सचा तोल बिघडला की तो वाढतो. तुमच्या हृदयाच्या या एका गोळीनं तसं झालंय."

"मग आजपासून ती बंद!"

"खबरदार! मनानं काही बंद करायचं नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून बदलून घेऊ. त्यातूनही फार उरलंच, तर ऑपरेशन करता येतं."

स्टामेन खाली बघत पुटपुटला, "मी पुरुषासारखा पुरुष राहिलोय ना?"

बाईंच्या आधी नेद्याल्काच बोलली, "वेड्या, तुझी पाठ बघून बघून कंटाळलेय मी!"

तो पहिल्यांदाच मनापासून हसला.

गोळी बदलली. दोन महिन्यांत दुखणं थांबलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सूजही बरीच उतरली, थोडी राहिली. एका रविवारी तो उघड्या अंगानं समुद्रात शिरला. काठावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. तो पोहत दूर गेला. मी नेद्याल्काच्या पिशवीत होतो. परतल्यावर गार वाटलं तर असावा म्हणून तिनं मला आणलं होतं. त्याला गरज पडली नाही.

मित्रांनो, ऊब देणं हे माझं काम. कुणाचं दुखणं झाकून ठेवायची पाळी माझ्यावर पुन्हा येऊ देऊ नका. भर उन्हात कुणी असं जाडजूड घालून घामाघूम झालेला दिसला, तर हसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि हळूच विचारा, "दुखतंय का रे?"